पान एक्केचाळीस

महाळुंगे पडवळची रत्ना रोकडे नारायणगावात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. आमची कंपनी गावोगावच्या दूध डेअऱ्यांना सॉफ्टवेअर विकायची आणि अडलेल्यांचे फोन रत्ना घ्यायची. २००२ साली जाडजूड मॅन्युअल निघालं, तेव्हा त्याची सूची तिनं केली. डेअरीवाले फोनवर जे बोलत, तेच शब्द तिनं दोन वर्षं वहीत टिपले होते. ‘सकाळचं दूध संध्याकाळच्या खात्यात चढलं – पान ४१.’ एवढी कामाची सूची मी पुन्हा पाहिली नाही.

कागद कमी लागावा म्हणून आमच्या साहेबांनी ऐनवेळी अक्षर बारीक केलं. मजकूर आधीच्या पानांवर सरकला, सूचीतले आकडे तेच राहिले. रत्नानं दुरुस्तीला दोन दिवस मागितले.

“सूची कोण बघतंय?” साहेब म्हणाले. मीही तशीच प्रत छापखान्यात पाठवली.

लोक बघत होते. “ताई, एक्केचाळीसवर तर भलतंच हाय,” असे फोन येत राहिले. रत्ना प्रत्येकाला खरं पान सांगायची. हळूहळू लोकांनी मॅन्युअल उघडणंच सोडलं.

पुढच्या आवृत्तीत साहेबांनी सूची काढून टाकली. सूचीच्या जागी रत्नाचा फोन नंबर छापला.