मनगटभर पातेरा

"बाई, हात घाला." महादूदादाचं माझ्याशी पहिलं बोलणं हे. ना नमस्कार, ना चौकशी!

स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी काशीदजवळच्या एका शाळेत मी एकटीच मास्तरीण होऊन आले. शाळेमागे समुद्रापर्यंत सुरूचं बन होतं आणि महादूदादा त्या बनाचा राखणदार. जमिनीकडे बोट दाखवून तो उभा. मी म्हटलं, "विंचू असला तर?"

"असंल तं पळंल. तुमच्याहून भित्रा असतो तो."

घातला बाई हात. गळून कुजलेल्या काड्यांच्या पातेऱ्यात मनगट बुडालं. तळाशी गार, काळी माती. मग त्याने पायवाटेपलीकडे नेलं. तिथे गवत फुटावं म्हणून गाव दरसाल पातेरा पेटवी. तिथे नखाला लगेच वाळू लागली.

"झाडं दोनीकडं सारकीच," तो म्हणाला. "पन झाडाची खरी कमाई खाली साचते. एकदा जळली तं परत साचंल. दरसाल जाळली तं साचायची कदी?"

अलीकडचा तुकडा त्याने नऊ वर्षं जळू दिला नव्हता. आग आत शिरू नये म्हणून रोज खराट्याने भोवतीचा पट्टा झाडून लख्ख ठेवायचा. गावाला तिथे आग लावू दिली नाही म्हणून गाव त्याच्याशी बोलत नसे. लग्नाचं आवतण नाही, की होळीला हाक नाही. बायको त्याच्या गावी, माणगावला असतानाच वारलेली. संध्याकाळी तो शाळेच्या खालच्या पायरीवर बसे, मी वरच्या. माझ्याशीही गावात फारसं कोणी बोलत नसे. आम्हीही काय बोलायचो म्हणा! त्याचं एक मात्र ठरलेलं: "बाई, अंगनातला कचरा दर्याचा वारा सुटल्याबिगर पेटवू नका. सकाळचा वारा बनाकडं जातो."

त्या वर्षी शाळेच्या तपासणीला साहेब येणार होते. अंगणात पाचोळ्याचा ढीग. महादूदादा तापाने फणफणून झोपडीत पडलेला, चार दिवस पट्टा झाडलेला नव्हता. साहेबांच्या आधी अंगण स्वच्छ दिसावं म्हणून मी सकाळीच काडी लावली. एवढासा ढीग, त्याने काय होतंय, असं वाटलं. मेली माझी अक्कल!

वाऱ्याने आग बनात नेली. झाडं बहुतेक वाचली. पातेरा दोन दिवस आतल्या आत धुमसत राहिला. नऊ वर्षं गेली.

महादूदादाने वर, वनखात्याला कळवलं, 'कारण समजले नाही.' ताप उतरल्यावर तो पायरीवर येऊन बसला. राखेने हात काळे. म्हणाला, "सायेब आलं व्हतं न्हाय? अंगन झ्याक दिसलं आसंल."

मी मान खाली घातली. सांगायला हवं होतं; वह्या तपासायच्या आहेत म्हणत मी आत गेले. नंतर तीन वर्षं तो येत राहिला, पण मी कामाचं निमित्त काढून आतच बसे. भेकड कुठची! गावाने टाकलेल्या माणसाला मीही टाकलं.

त्याची नोकरी संपली तेव्हा तो बोचकं घेऊन दारात आला आणि खराटा माझ्या हातात दिला. तेव्हा कुठे मी रडत म्हटलं, "दादा, ती आग मी लावली होती."

"ठावं हाय," तो म्हणाला. "म्हनून तं खराटा तुमाला. गावात दुसरं कोन रोज झाडंल?"

पावसाळ्यानंतर माणगावहून तो वारल्याचं पत्र आलं. त्या दिवशी पट्टा झाडून झाल्यावर मी बनात बसले आणि हात घातला. चार बोटं आत गेली. संध्याकाळी शाळेच्या खालच्या पायरीवर, हे सांगायला, कोणी नव्हतं.