शेवंतीकाकी आणि ते आठ सेकंद

तो व्हिडिओ मी काढला होता.

‘महिला सरपंचाचा थयथयाट’. आठवतोय? तुमच्यातल्या निम्म्यांनी फॉरवर्ड केलेला. खाली हसून लोळणाऱ्या स्मायली टाकलेल्या.

ती शेवंतीकाकी आज सकाळी गेली.

आता ऐका तेव्हा काय झालं होतं ते.

कुणकेश्वरच्या अलीकडचं आमचं गाव. काकी तिथली सरपंच, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून रापणीच्या मासळीचा लिलाव पुकारणारी.
जाळं किनाऱ्यावर ओढून आणलं की वाऱ्यात, लाटांच्या आवाजात भाव पुकारायचा असतो. हात वर करून, बेंबीच्या देठापासून. आमच्याकडे त्याला भांडण म्हणत नाहीत. ते काम असतं.

त्या दिवशी ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत मीटिंग होती. मासे विकणाऱ्या बायांसाठी किनाऱ्यावर शेड आणि संडास हवा, म्हणून.
काकी वीस मिनिटं बोलली. शांतपणे, शुद्ध मराठीत, मधेमधे कागद बघत.
साहेब म्हणाले, “बायांना वर बोलवा, त्यांच्याकडूनच ऐकतो.”

बाया खाली गेटपाशी. काकीने खिडकीतून हात वर करून किनाऱ्यावरची हाक मारली, “गो बायांनो, वर येवा! सायब आयकतत!”

एवढंच.

मी तेव्हा एका न्यूज चॅनलचा कॅमेरामन. अख्खं रेकॉर्डिंग चॅनलला पाठवलं. त्यांनी आठ सेकंद उचलले, काकीचा आवाज बंद केला आणि वर ढणढण म्युझिक लावलं.

त्याच मीटिंगमध्ये एका पुरुष सदस्याने टेबलावर फाईल आपटली होती. त्याची बातमी काय, तर ‘आक्रमक पवित्रा’.

मी कामाला नवा होतो. गप्प बसलो. लाज वाटते.

निवडणुकीत तो व्हिडिओ वाडीवाडीत फिरला. ‘असली भांडकुदळ बाई नको.’ काकी पडली.

पडल्याचं तिने मनावर घेतलं नाही. पण लिलाव पुकारायला ती परत गेली नाही.
“तोंड उघडला की पोरां मोबाईल काढतत,” म्हणाली. मग माझ्याकडे बघून, “तुझ्या कॅमेऱ्यात आवाज नाय होतो काय रे?”

होता, काकी.

शेड झाली. संडासही झाला. त्याची बातमी कोणी केली नाही. मीसुद्धा नाही.

आज दुपारी त्याच चॅनलचा फोन. “काकींचा एखादा हसरा फोटो आहे का? जरा सोज्वळ असा. ‘कोकणची रणरागिणी हरपली’ करतोय.”

मेल्यांनो, जिवंतपणी थयथयाट आणि गेल्यावर रणरागिणी? बाईसाठी तिसरा शब्दच नाही तुमच्याकडे?
सरपंच लिहा. ती सरपंच होती.

फोटो दिला नाही.

खाली अख्खा व्हिडिओ टाकलाय, आवाजासकट. तेव्हा न बघता फॉरवर्ड केलात ना, आता पूर्ण बघा आणि मग करा.

काकी, तुझो आवाज आज परत देतंय. खूप उशीर झालो.
माका माफ कर.