पाण्याच्या नळीचा खेळ माझा नव्हता

दिंडोरीच्या ज्या शाळेत मी सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं, तिथे लहान मुलांसाठी खेळघर सुरू होणार होतं. उद्घाटनाला मला बोलावलं होतं. पत्रिका नाशिकला मुलीच्या घरी आली, मी तिच्याकडेच राहतो. माझ्या नावाखाली छापलं होतं, ‘खेळातून विज्ञान या उपक्रमाचे जनक’. जनक हा शब्द वाचला आणि पत्रिका घडी करून ताटाखाली सरकवली.

ज्या खेळामुळे मला हा मान मिळत होता, तो साधा आहे. एका खोलीच्या भिंतीवर खडूने खूण करायची. मुलाने दुसऱ्या खोलीत जाऊन, नुसत्या अंदाजाने, तितक्याच उंचीवर खूण करायची. मग पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी आणायची, दोन्ही टोकं दोन खुणांशी धरायची आणि अंदाज किती बोटं चुकला ते बघायचं. दोन बोटांच्या आत असला तर जिंकलं. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर उभं राहतं, हे मुलांना न शिकवता कळतं.

हा खेळ मीच शोधला, असं मी चाळीस वर्षं सांगत आलो. शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगितलं. तालुक्याला आदर्श शिक्षक म्हणून सत्कार झाला तेव्हा अंगावर शाल असताना सांगितलं. खेळ माझा नव्हता. आमचं घर बांधणाऱ्या गवंड्याचा होता.

तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. शाळेतून आली की दप्तर टाकून बांधकामावर. गवंडी सायखेड्याचा, तिशीतला, कमी बोलणारा. त्याच्याकडे लेव्हल बघायची नळी होती. आधी तो मुलीला नुसत्या अंदाजाने भिंतीवर खूण करायला सांगायचा, मग ती तपासायला नळीचं एक टोक तिच्या हातात द्यायचा. एकदा त्याने ती नळी खांबाभोवती चार वेढे देऊन गुंडाळली, तेव्हा मुलीने विचारलं, “एवढं फिरून पाणी दमत नाही का?” त्याच्या जागी मी असतो तर तिथेच नियम सांगून मोकळा झालो असतो. तो म्हणाला, “दमतं का ते तूच बघ की.” ती टोकाशी डोळा लावून बसली. पाणी दमलं नाही, तेव्हा तिने पाचवा वेढा द्यायला लावला.

हे सगळं मी ओट्यावरून बघत होतो आणि मला ते आवडत होतं. ही गोष्ट मी कधी कबूल केली नाही.

एका संध्याकाळी आमचे मुख्याध्यापक घर बघायला आले. मुलीच्या केसांत वाळू, हातात नळी. ते हसून म्हणाले, “गुरुजी, पोरीला बिगारी कामाला लावलंत का?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना काही बोलायची हिंमत नव्हती, म्हणून मी गवंड्यावर घसरलो. “तुम्हाला भिंती बांधायला बोलावलंय, पोरं खेळवायला नाही,” असं सगळ्यांदेखत म्हणालो. त्याने मुलीच्या हातातलं टोक घेतलं, नळी गुंडाळली आणि कामाला लागला. घर पूर्ण होईपर्यंत मुलीला मी बांधकामाकडे फिरकू दिलं नाही. पाढे पाठ करायला बसवलं.

आणि चार महिन्यांनी तोच खेळ मी वर्गात घेतला. ‘पाणी दमतं का’ हा प्रश्नसुद्धा मीच मुलांना विचारला, माझा म्हणून.

पत्रिका आली त्या दुपारी, जेवणं झाल्यावर, मी हे सगळं मुलीला सांगितलं. ती आता पंपांच्या कारखान्यात इंजिनियर आहे, तिचे स्वतःचे केस पांढरे व्हायला लागलेत. मला वाटत होतं, तिच्या मनातला बाप आज संपणार. तिने भांडी आवरता आवरता ऐकलं.

“बाबा, मी सात वर्षांची होते,” ती म्हणाली. “तान्ही नव्हते. माझ्याशी कोण खेळलं ते मला माहीत नसेल का?”

मग कधी बोलली का नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, आधी तुमचा राग यायचा. नंतर वाटलं, कधीतरी तुम्ही स्वतःच सांगाल. वाट बघायची सवय झाली. आणि मग म्हणाली की ती गवंडीकाकांना दर दिवाळीला फोन करते, नोकरी लागली तेव्हा पहिले पेढे त्यांच्याकडेच नेले होते. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं, पण छातीवरचा दगड कोणीतरी उचलल्यासारखं झालं.

रविवारी ती मला सायखेड्याला घेऊन गेली. गवंडी आता माझ्यासारखाच म्हातारा, गुडघे धरलेला. अंगणात खाट टाकली, चहा झाला. मी घरून वाक्यं जुळवून नेली होती, ती ऐनवेळी पळाली. शेवटी एवढंच म्हणालो, “मिस्तरी, खेळ तुमचा होता. मी माझा म्हणून सांगितला. आणि त्या दिवशी तुम्हाला नको ते बोललो.”

“ते बोललेलं लागलं होतं गुरुजी,” तो म्हणाला. “खोटं कशाला बोलू. पण मला कोणाला काय शिकवायचं नव्हतं. तुमची पोरगी कालवलेल्या मालात हात घालायची. सिमेंटानं बोटं सोलली असती तिची. म्हणून नळी धरायला दिली. मग मलाच त्यात लय मजा यायला लागली.”

मुलगी म्हणाली, “काका, म्हणजे मी त्रास देत होते म्हणून?”

“मग काय. त्रासच होता तू.”

मग त्याने मला विचारलं, शाळेत नळीतली हवा कशी काढायचो. नळीत बुडबुडा राहिला की पातळी खोटी येते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पहिलं वर्षभर माझ्या वर्गात खुणा जुळल्याच नाहीत आणि मी मुलांवरच ओरडायचो, हेही त्याला सांगून टाकलं. तो खोकला येईपर्यंत हसला.

“मग विचारायला यायचं ना,” तो म्हणाला. “सायखेडा काय लांब हाय का?”

चाळीस वर्षांत मला एवढं साधं सुचलं नव्हतं.

उद्घाटनाला चला म्हटलं तर गुडघे दाखवले. भाषणात नाव घेऊ का, तर नको म्हणाला, “गवंडी म्हणा. तेवढं पुरे.” म्हणून इथेही तेवढंच लिहितो.

खेळघराच्या दारात फीत लावली होती. दारातच उभं राहून मी समोरच्या मुलांना आणि शिक्षकांना सांगितलं की पत्रिकेतला शब्द चुकीचा आहे, खेळ एका गवंड्याचा आहे, मी तो त्याला न विचारता घेतला आणि वर त्याचा अपमान केला. मुख्याध्यापिका बाईंना काय करावं कळेना, त्यांनी टाळ्या सुरू केल्या आणि अर्ध्यावर थांबवल्या. मागे उभ्या असलेल्या माझ्या मुलीने मान डोलावली. पुढच्या रांगेतली एक लहान मुलगी मात्र केव्हाची खिडकीतून आत डोकावत होती.

“आजोबा, तुमचं झालं का?” तिने विचारलं.

झालं म्हटलं, आणि दारातून बाजूला झालो.