टाकेरावांचा वाढदिवस

आम्ही जुन्या मैत्रिणी भेटलो की कुणीतरी म्हणतंच, "अगं, ती टाकेरावांची गोष्ट सांग ना!" मी विचारते, "कुठली?" एक सांगायला घ्यावी तर तिचा पदर धरून दुसरी हजर! आणि प्रत्येकीला वेगळीच आवडते.

तर आधी टाकेराव कोण ते सांगते. पिंपरीच्या कामगार वसाहतीत मी बरीच वर्षं मुलांचं वाचनालय चालवलं. वाचनालय म्हणजे समाजमंदिराचा एक कोपरा, दोन पत्र्याच्या ट्रंका आणि एक सतरंजी. त्यातलं मुलांचं सगळ्यात लाडकं पुस्तक टाकेरावांचं. टाकेराव हा शिंपी पक्षी. नाकावर चष्मा, गळ्यात टेप. रानात कुणाचं काहीही फाटलं, पान, पतंग, अगदी ढगसुद्धा, की हा म्हणणार, "फाटलं? आण इकडे!"

पुस्तकाची प्रत एकच. वाचून वाचून तिच्या चिंध्या झाल्या. एकदा सुशीला नावाच्या मुलीने ती घरी नेली आणि तिच्या आईने गोधडीच्या दोऱ्याने पुस्तक पाठीकडून घट्ट शिवून दिलं. मुलं नाचायलाच लागली. "बाई, टाकेरावांनाच टाके पडले!"

त्याच दिवशी ठरलं. टाकेरावांचा वाढदिवस करायचा. प्रत्येकाने घरातलं काहीतरी फाटलेलं आणायचं आणि आईवडिलांनी ते तिथेच शिवून द्यायचं.

*

पहिल्या वर्षी रविवारी केला. वडील सगळे कामावर! आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारी.

दुसऱ्या वर्षी मी शहाणपणा केला आणि गुरुवारी सकाळी ठेवला. मुलं शाळेत! हजर कोण? सतरा-अठरा बाप्ये, इस्त्रीचे शर्ट घालून, सतरंजीवर मांडी घालून बसलेले.

मी म्हटलं, "आता काय करायचं?"

मागून एक जण लाजत म्हणाला, "बाई, आलोच आहोत तर आमाला वाचून दाखवा की."

वाचलं. ढग शिवायचा प्रसंग आला तेव्हा एकही माणूस हलला नाही. संपल्यावर तोच म्हणाला, "पुन्हा एकदा होऊ द्या, राव!"

त्यानंतर कार्यक्रम गुरुवारीच, पण शाळा सुटल्यावर.

*

टूलरूममधले सरवदेभाऊ अबोल माणूस. त्यांनी साहेबांची परवानगी काढून, लेथवर, भंगारातल्या अॅल्युमिनियमची टाकेरावांसाठी तीन फुटी सुई केली. नेढ्यासकट!

गेटवर वॉचमनने अडवलं. "हे काय?"

"सुई."

"एवढी? शिवणार काय?"

"पानं."

वॉचमनने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि साहेबांना फोन लावला. साहेब स्वतः गेटवर आले आणि त्यांनी गेटपास लिहिला: 'सुई, नग एक. पक्ष्यासाठी.'

*

वाढदिवसाला चष्मा-टेप लावून टाकेराव व्हायचे ते कंपनीच्या स्टोअरमधले पवार. धिप्पाड गडी, मिशा भरघोस. एकदा चार वर्षांच्या एका पोराने त्यांना विचारलं, "तुम्ही पक्षी ना? मग उडून दाखवा."

पवार म्हणाले, "आठवडाभर फर्स्ट शिफ्ट केलीय रे. दमलो."

पोरगं निघून गेलं. पाच मिनिटांनी पेलाभर पाणी सांडत सांडत घेऊन आलं. "प्या. उद्या उडा!"

*

एका वर्षी मोशीकडच्या एक आजी नातवाकडून ऐकून चालत आल्या. काखेत जुनी गोधडी. "ते शिवणारं पाखरू हितंच ऱ्हातं व्हय?"

पवार पुढे झाले. "आण इकडे, आजी!"

आजींनी त्यांना खालून वर न्याहाळलं. "येवढं मोठं पाखरू? मंग बैलांची झूल बी आणली आसती की!"

पवारांनी चार टाके घातले. आजींनी ते बघितले आणि गोधडी हिसकावून घेतली. "दे हिकडं. तुला काय बी येत न्हाई!" मग तिथेच फतकल मारून त्यांनी पाच फिटरांना धावदोरा शिकवला. ज्याचा टाका वाकडा, त्याच्या हातावर चापट!

*

आणि कुंदाचा किस्सा.

कुंदा सहा वर्षांची. तिचे वडील ज्ञानोबा प्रेसशॉपला होते. त्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं मशीनमध्ये गेली. दवाखान्यातून घरी आले ते दाराबाहेर पडेनातच. कुणी भेटायला गेलं की हात टॉवेलखाली.

वाढदिवसाला मुलं रांगेत उभी होती. कुणाचं दप्तर, कुणाचा सदरा. कुंदाच्या हातात काहीच नव्हतं. तिने वडिलांनाच ओढत आणलं होतं. नंबर आल्यावर तिने त्यांच्या हातावरचा टॉवेल काढला.

"टाकेराव, फाटलं नाहीये. तुटलंय. चालेल?"

ज्ञानोबा मान खाली घालून परत फिरायला लागले. पवारांनी चष्मा काढला, पुसला आणि खरीखुरी शिवायची सुई आणि दोरा ज्ञानोबांपुढे धरला.

"ज्ञानोबा, एवढी ओवून दे रे. मला दिसेना झालंय."

ज्ञानोबा मागे वळले. मग खाली बसले. उरलेल्या दोन बोटांत सुई धरली, डाव्या हातात दोरा. पहिल्यांदा हुकलं. दुसऱ्यांदा सुईच पडली. कुणी उचलायला पुढे झालं नाही, त्यांनीच शोधली. कितव्या वेळी कोण जाणे, दोरा पलीकडे गेला.

पवारांनी आपल्या शर्टाचं लोंबणारं बटण पुढे केलं. ज्ञानोबांनी सुई खुपसली, दोरा ओढला आणि तो सगळाच्या सगळा बाहेर आला.

कुंदाने कपाळावर हात मारला.

"बाबा! आधी गाठ मारायची असते!"