शेजारची चावी

बातमी आली तेव्हा मी भाकरी थापत होते. ह्यांचा फोन वाजला. बोलत बोलत हे अंगणात गेले आणि परत आले ते दाराची चौकट धरूनच उभे राहिले. "अंगद गेला," एवढंच म्हणाले. अशा वेळी बाईचा हात कपाळाकडे जातो. माझा पिठाचा हात गेला चुलीमागच्या खिळ्याकडे. खिळ्याला चावी होती. माझ्या धाकट्या दिराच्या, अंगद भाऊजींच्या गोठ्यातल्या पेटीची चावी. ती जागेवर आहे हे चाचपून पाहिलं आणि मगच मला रडू फुटलं.

कुणी म्हणेल, काय बाई आहे, दीर गेला आणि ही चावी चाचपते! पण आमच्या भागात, मंठ्याच्या आजूबाजूला, घरोघरी कापूस आणि घरोघरी फवारणीचं औषध. कोपऱ्यात, पलंगाखाली, देवघराच्या मागे, कुठेही ठेवलेलं. भाऊजी बियाणं कंपनीत फिरतीवर होते, सगळी हयात मोटरसायकलवर गेली. एका गावात ज्यांच्या रानात कंपनीचा बियाण्याचा प्लॉट होता, त्यांचा बारावीतला पोरगा निकालानंतर त्या औषधापायी गेला. आदल्याच दिवशी भाऊजींनी त्याच्यासोबत चहा घेतला होता. "हसून राह्यला होता, वैनी," एवढं एकच वाक्य ते कितीतरी दिवस बोलत होते. मग एक दिवस जालन्याहून येताना डिक्की भरून कुलपं घेऊन आले. तेव्हापासून त्यांचा एकच नेम. औषध पेटीत, पेटीला कुलूप आणि चावी शेजारच्या घरी. आपल्या घरात ठेवायची नाही. चावी मागायला येणाऱ्याला शेजाऱ्यानं बसवायचं, चहा पाजायचा, झोप लागते का, जेवण जातं का, विचारायचं. मगच चावी द्यायची.

लोक काय हसले! "अंगदा, ही तर चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" असं पारावर चालायचं. आणि शेजार म्हणजे आमच्याकडे बांधावरून भांडलेला चुलतभाऊ, चहा कसला पाजतोय! भाऊजी म्हणायचे, "त्याच्यासाठीच तर हाय हे. चावीच्या निमित्तानं तरी तोंड उघडतेन." आमच्याकडे दोन्ही भावांची घरं वेगळी, मध्ये एक कुंपण. त्यांची चावी माझ्या खिळ्याला आणि आमची चावी माझ्या जावेच्या, शोभाच्या खिळ्याला. मी तेव्हा त्यांची थट्टाच करायची. आपल्या घरावर वेळ येईल असं कुणाला वाटतं?

वेळ आली. माझा सुमित इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातून घरी आला तो परत गेलाच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. अंघोळ नाही, ताटाला हात नाही. नातेवाईक म्हणाले, दोनाचे चार हात करून टाका, सुधारेल. कुणी म्हणालं नजर लागली. ह्यांनी खोलीच्या दाराची आतली कडी काढून टाकली. भीती म्हणजे काय ते मला त्या दिवसांत कळलं. दुपारी घर निजलं, पंख्याचा आवाज तेवढा राहिला, की मी उठायची. काहीतरी निमित्त काढून मी त्याच्या दाराशी जायची, झाडू घेऊन, पाण्याचा तांब्या घेऊन. त्याची पाठ वरखाली होताना दिसली की परत यायची आणि थोड्या वेळानं पुन्हा जायची.

भाऊजींनी त्याला नवीन जालन्यात मनाच्या डॉक्टरकडे नेलं. मी म्हटलं, लोक वेड्यात काढतील. "ताप आल्यावर लोकायला विचारून जाता का?" असे माझ्यावर खेकसले. गोळ्या सुरू झाल्या. थोडा उठून बसायला लागला. आणि संक्रांत झाल्यावर, रानातली कामं सरत आल्यावर, भाऊजींनी डोक्यात घेतलं की चांद्यापासून बांद्यापर्यंत असं लोक नुसतं म्हणतात, आपण खरंच जायचं. गाडीवर. वाटेतल्या गावांत, कॉलेजांत थांबून पोरांशी बोलायचं. हेडलाइटवर पाटी लावली, 'बोल की गड्या'. आणि म्हणाले, "सुम्याला मागं बसवून नेतो. डॉक्टरला विचारलंय."

मी कडाडून भांडले. "ट्रकांच्या रस्त्यावर माझं लेकरू नेता? काही झालं तर?"

"आन् घरी ठिवलं तर?" भाऊजी हळूच बोलले.

जी गोष्ट आम्ही घरात तोंडानं काढत नव्हतो ती त्यांनी एवढ्याशा वाक्यात समोर ठेवली होती. मी दशम्या बांधून दिल्या.

गाडी गेल्यावर माझा जीव फोनला टांगलेला. पहिले काही दिवस भाऊजीच बोलायचे. कुठेतरी बायकांनी त्यांना कुलपं विकणारा समजून भाव केला, फुकट आहे म्हटल्यावर दोन दोन मागितली, असलं काहीबाही सांगून मला हसवायचे. मग एका संध्याकाळी फोनवर सुमितचा आवाज आला. "आई, इथं नुसता भात देऊन राह्यले. तुझी भाकर पाहिजे होती." त्यानं आपणहून खायला मागितलं होतं! मी फोन ठेवून देवापुढे साखर ठेवली. परत आला तेव्हा काळा पडला होता, पण माझ्याकडे बघून बोलला. एका कॉलेजात काकांनी त्याला पुढे केलं आणि तो स्वतःबद्दल दोन मिनिटं बोलला, हे मला नंतर भाऊजींकडूनच कळलं.

आणि आषाढ सरता सरता भाऊजी गेले. अंकुशनगरकडे पोरांशी बोलायला निघाले होते. वाटेत छातीत कळ आली. गाडी नीट स्टँडवर लावलेली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं आणि भाऊजी लिंबाखाली बसलेले. पण हे सगळं नंतर कळलं. 'गेला' हा शब्द कानावर पडला तेव्हा माझ्या मनात आलं ते हेच, की ज्याच्याशी हा माणूस भांडत फिरला त्यानंच त्याला गाठलं का काय. म्हणून तो हात खिळ्याकडे गेला.

दुसरी भीती त्याच्या मागूनच आली. सुमित! खोलीत गेले तर अंथरूण रिकामं. फोन चार्जिंगला लावलेला, तसाच. हे जीप घेऊन निघून गेले होते, ह्यांचा फोन लागेना. मी कुंपण ओलांडून शोभाच्या घरात शिरले. बायका जमल्या होत्या, शोभा शुद्धीवर नव्हती. तिच्या स्वयंपाकघरातला खिळा पाहिला. आमची चावी नव्हती.

आमच्या गोठ्यात पळाले. पेटी बंद होती, कुलूप जागेवर होतं. मी ते दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. पण चावी नाही आणि पोरगाही नाही. विचारू कुणाला? जिचा नवरा गेला तिला विचारू, की माझी चावी कुठंय? मी त्या पेटीवरच बसून राहिले. लोक म्हणाले असतील, दिराच्या दुःखात गोठ्यात जाऊन बसली. बसले होते ते भीतीनं. उठले तर काहीतरी होईल असं वाटत होतं.

दिवस कलताना भाऊजींच्या गाडीचा आवाज आला. तो आवाज आमच्या गल्लीत कुणीही ओळखेल. क्षणभर वाटलं, सगळं खोटं आहे, भाऊजी आले! पुढे ॲम्ब्युलन्स होती आणि तिच्या मागे काकांच्या गाडीवर सुमित. बापासोबत जीपमध्ये बसून गेला होता. मला सांगायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. उतरून सरळ गोठ्यात आला आणि गाडीच्या किल्लीच्या कडीतून एक चावी सोडवायला लागला. आमच्या पेटीची चावी. तो आजारी पडला तेव्हापासून भाऊजींनी ती शोभाच्या खिळ्यावरून काढून आपल्या गाडीच्या किल्लीत घातली होती. चांद्याला गेली, बांद्याला गेली, त्या लिंबाखालीही तीच होती. मला 'भिऊ नका वैनी' म्हणणारा माणूस माझ्याहून जास्त भ्यालेला होता आणि त्यानं कुणाला कळू दिलं नाही.

सुमितनं चावी माझ्या हातावर ठेवली. रडत होता. म्हणाला, "आई, ही काकूच्या खिळ्याला लाव. आपल्या घरात नको."

मी लावून आले.

आता पोळा तोंडावर आलाय. परवा शोभा कुंपणापाशी आली. कापसावर फवारणी करायची, गडी खोळंबला होता, तिला तिची चावी पाहिजे होती. डोळे खोल गेलेले, अंगावरची साडी कालचीच. माझा हात खिळ्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. देववेना. नको म्हणू तरी कोणत्या तोंडानं?

तेवढ्यात सुमित बाहेर आला. त्यानं बाज पुढे ओढली.

"बस काकू. चहा झाल्याबिगर चावी भेटणार न्हाई. काकाचाच नेम हाय ना?"

"गडी थांबलाय रं, जल्दी दे," शोभा म्हणाली.

"थांबू दे. रात्री झोप लागती का तुला?"

शोभा पदर तोंडाला लावून खाली बसली आणि बोलायला लागली... मी चुलीवर आधण ठेवलं. मुद्दाम पाणी जास्त घातलं, उकळायला वेळ लागावा म्हणून. माझ्या पाठीमागे चावी खिळ्यालाच होती.