तळघराचा हात

भोंगाबाई लहान होती तेव्हा दाराआडून एक भांडण तिच्या कानावर पडलं होतं. खाणीतल्या माणसांनी तिच्या बापाला मालकाकडे पाठवलेलं, आणि तो तिथल्या तिथे काहीतरी कबूल करून आलेला. काका कडाडला, "दादा, तुला सांगायला पाठवलं होतं, ठरवायला नव्हे!" बाप म्हणाला, "मग टपाल टाकायचं होतं! त्याला तिकीट लागतं, डोकं लागत नाही." दोघे भाऊ पुन्हा कधी धड बोलले नाहीत. खरं कोणाचं, ते पोरीला काही उमगलं नाही.

पुढे ती दवाखान्याच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात लागली. यंत्रांच्या खडखडाटातही तिचा आवाज या टोकाचा त्या टोकाला जाई, म्हणून नाव पडलं भोंगाबाई, आणि म्हणूनच मालकापुढे बोलायला सगळ्यांनी तिलाच निवडलं. अक्कल बघून नाही, घसा बघून. मोठमोठ्या ठिकाणीही तसंच निवडतात म्हणे. मोठी गोष्ट असली की इस्त्रीच्या खोलीत जमून सगळ्यांनी हात वर करायचे, आणि निघेल तो कौल तिने वर जाऊन सांगायचा.

एका सकाळी तळघरातला बॉयलर शिट्टी घालायला लागला. काटा लाल रेघेशी येऊन थरथरत होता. भोंगाबाई तक्रार घेऊन वर गेली, तर मालक म्हणाला, "तक्रार तुमची, तर ठरवा तुम्हीच. बंद करायचा तर दुरुस्ती होईतो मजुरीही बंद. लवकर सांग."

इस्त्रीच्या खोलीत गलका झाला. "शिट्टीच घालतोय ना? पळून तर नाही चालला!" घड्या घालणारा म्हणाला, आणि हसता हसता हातांचं रान उभं राहिलं. चालू दे!

भोंगाबाईने ते रान मोजलं. बॉयलर सांभाळणाऱ्या तळघरातल्या तिघी त्यात नव्हत्याच. काट्यावरची नजर काढून त्या वर येणार कशा? वाफ ज्यांच्या अंगावर यायची, त्यांचाच हात नाही. त्यातली एक तिची धाकटी जाऊ, आणि जावेशी तर वर्षभर अबोला.

ती खाली उतरली.

"इकडे कुठे वाट चुकलात, जाऊबाई?"

"बंद करायचा का, सांग."

जावेची नजर काट्यावरून हलली नाही. "आम्ही तिघी म्हणतो, बंद करा. पण तीन हातांना विचारतंय कोण? वर तुमची जत्रा."

जिना चढताना बाप एका पायात, काका दुसऱ्या पायात. मालकाने विचारलं, "काय ठरलं?" आणि अख्ख्या कारखान्याला पुरणारा तो आवाज टेबलापलीकडेही पोचला नाही.

"काय?" मालकाला पुन्हा विचारावं लागलं.

"बंद करा."

इस्त्रीच्या खोलीत नुसता शिमगा. "आमचे हात काय माश्या हाकायला वर होते?" इस्त्रीवाली ओरडली. "जावेसाठी केलंस!"

"जावेवर एवढी माया असती, तर घरात दोन चुली कशाला झाल्या असत्या?"

कोणी हसलं नाही. मिस्त्रीने बॉयलर उघडून पाहिला आणि म्हणाला, "संध्याकाळी फुटला असता, नाहीतर वर्षभर चालला असता. कोण सांगणार?" म्हणजे तिथेही निकाल लागला नाही. बुडालेली मजुरी तेवढी खरी होती.

मालकापुढे बोलायच्या कामावरून तिला काढायचं ठरलं, तेव्हा तिचाही हात वर होता. "ठरवायला पाठवलंच नव्हतं मला," ती म्हणाली. "पण यापुढे मोजायच्या आधी तळघरात कोणीतरी जाऊन विचारा."

"मग जा तूच," इस्त्रीवाली फणकारली. "पाय आहेत ना?"

तेव्हापासून ते काम तिचंच झालं. वर बोलायला दुसरी आली, तिसरी आली. खाली विचारायला मात्र हीच.

तिचा कामावरचा शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशी प्रश्न होता तो जेवणाच्या खोलीतल्या पंख्याचा. "एवढ्याशा गोष्टीला कशाला उतरताय, गुडघे बघा!" सगळे म्हणाले. कठडा धरून ती उतरली.

"पंखा दाराकडे की खिडकीकडे?"

"खिडकीकडे," जाऊ म्हणाली. "आणि जाऊबाई, चहा ठेवलाय, परतताना घेऊन जा."

चहा पिऊन ती वर आली. "तळघर म्हणतंय, खिडकी," तिने खणखणीत सांगितलं, आणि स्वतःचा हात दाराच्या बाजूने वर केला.