तोच पासवर्ड

राउटर माझ्या हातात देण्याआधी बाबा तो टॉवेलच्या टोकाने पुसायचे आणि बजावायचे, "नाव तेच ठेव रे, वायरमन. पासवर्ड पन तोच."

मी मुरबाडहून टेलिफोनच्या लाइनी बघत फिरतो. वैशाखरे गावात एसटी स्टॉपसमोर या बाबांचं घर. तुम्ही म्हणाल, भातशेती करणाऱ्या एकट्या म्हाताऱ्याला इंटरनेट कशाला? मीही एकदा डिवचलं होतं, "बाबा, तुमचा मोबाइल तर बटणाचा. नेट काय म्हशीला पाजता?" ते हसले. म्हशीचं नाव चांदी, आणि मुलाने वायफायलाही तेच नाव दिलेलं. स्टॉपवर गाडीची वाट बघणाऱ्यांच्या मोबाइलात 'चांदी' उमटायची.

तो मुलगा भांडून गेला होता. शेती करणार नाही म्हणाला, तर बाबा बोलून गेले, "मग या घरात पाय ठेवू नको." तेव्हापासून तो फोन उचलत नव्हता.

"आला तरी सरळ दारात नाय यायचा," बाबा सांगायचे. "माझ्यावानीच हट्टी. स्टॉपवरून बघंल. मला मोतीबिंदूनं दिसायचं नाय, पन त्याच्या मोबाइलानं आपसूक घरचं नेट धरलं का त्याला समजंल, बापानं दार लावलं नाय."

मग वीज पडली नि राउटर जळाला. मी नवा बसवला, युजर आयडी भरला, डीएसएलचा दिवा लुकलुकायचा थांबला, म्हणजे लाइन आली. नावात 'चांदी' टाकलं. पासवर्ड मात्र बाबांना ठाऊक नव्हता.

"लेकीच्या मोबाइलात हाय. रविवारी येतंय वाशिंदवरनं. तवर बंद राहू दे, तू परत ये."

परत कोण तडफडतंय एवढ्या लांब! मी एक ते आठ आकडे ठोकले आणि सांगितलं, "आमच्याकडे नोंद असते, बाबा. तोच टाकला."

रविवारी त्यांचा फोन आला. "वायरमन, लेकीचा मोबाइल नेटला लागत नाय रे."

"तिचा मोबाइल बिघडला असेल."

"बरं बरं. तू सांगतंस म्हंजे तसाच असंल."

असल्या माणसाला फसवायला अक्कल लागत नाही, आळस पुरतो. मी फोन ठेवला आणि पुढच्या तक्रारीला निघालो.

पुढच्या वर्षी भातकापणीत बाबा गेले. दहाव्यानंतर लाइन काढायला गेलो, तर डोकं भादरलेला मुलगा ओटीवर बसलेला. मी राउटरला हात लावला तसा म्हणाला, "बाबांनी पासवर्ड कधी बदलला हो?"

मी राउटरवरचा हात मागे घेतला.

"वर्षभरात दोनदा आलो होतो. स्टॉपवर उभा राहिलो. चांदी दिसायची, पण पासवर्ड चुकीचा सांगायची. बाबा इथंच ओटीवर, माझ्याकडं तोंड करून बसलेले. हाक मारली नाय त्यांनी. म्हटलं, अजून राग हाय. आलो तसा परत गेलो."

तिसऱ्यांदा खोटं बोलता आलं असतं.

"मी बदलला," मी म्हणालो. "बाबांना शेवटपर्यंत वाटत होतं, तोच आहे. आणि मोतीबिंदू होता त्यांना. स्टॉपवरचं माणूस दिसायचं नाही."

वाटलं, कानाखाली काढेल. काढली असती तर बरं झालं असतं. त्याने फक्त मोबाइल बाहेर काढला.

"काय हाय, सांगा."

"एक ते आठ."

त्याने एकेक आकडा दाबला. मोबाइल 'चांदी'ला लागला. मग तो समोरच्या स्टॉपकडे बघत राहिला. ओटीपासून वीस पावलंही नाहीत.